दुपारी साखर २८०, मग गोळी वाढवायची?

प्रश्न : आमचे मालक ५६ वर्षांचे आहेत. नुसत्या चहावर मधुमेहाची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी घेऊन सहालाच द्राक्षबागेत जातात. अकराच्या सुमारास हातपाय कापतात, दरदरून घाम येतो. मग बेदाणे, गूळ, हाताला लागेल ते खातात. दुपारी तपासलं की साखर २८०! गोळी वाढवून घ्यावी का?
– एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : स्वतःहून वाढवू नका आणि बंदही करू नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. वर बागेतलं काम. राबणारे स्नायूही रक्तातली साखर ओढतात. अकराला थरथर सुटते ती बहुधा साखर अशी फार उतरल्यामुळे. म्हणून ही गोळी सकाळच्या पहिल्या खाण्याबरोबरच घ्यायची. चहा म्हणजे न्याहारी नव्हे. निघताना एक शाळूची भाकरी आणि मटकीची उसळ पोटात जाऊ द्या, नऊला मूठभर फुटाणे. (शाळूची म्हणून भाकरी मोजायची नाही, असं मात्र नाही. ६० ग्रॅम पिठात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं असतात.)

थरथर सुटली की साखर तपासा. यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नका, सरळ साखर द्या. आकडा ७० च्या खाली असेल तर साखरेचे तीन छोटे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात ढवळून प्यायला द्या. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. गडबड होते ती याच पंधरा मिनिटांत. बरं वाटायला वेळ लागतो, जीव घाबरलेला असतो, माणूस खातच सुटतो आणि दुपारी २८० दिसतात. पेढा देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. सावरल्यावर अर्धी भाकरी खाऊ द्या, कारण या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

आणखी एक, बागायतदारांच्या घरात हमखास राहून जाणारी गोष्ट. द्राक्षं किंवा बेदाणे हाताळलेल्या बोटाचं रक्त घेतलं तर यंत्र खोटा, चढा आकडा दाखवतं आणि खरी घसरण लपते. स्पिरिटचा बोळा पुरत नाही. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच टोचा.

चार दिवस रोज सकाळी उपाशीपोटी, अकराला आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी आकडे वहीत लिहा. शेजारी खाणं आणि काम. ती वही डॉक्टरांना दाखवा, क्रिएटिनिनचंही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) विचारा. मूत्रपिंड मंदावलं असेल तर गोळीचा अंमल लांबतो. कदाचित मात्रा कमीच करावी लागेल.

प्रश्न : फ्रीज नाही. उन्हाळ्यात इन्सुलिन कुठे ठेवावं?
– एक वाचक, जत

उत्तर : मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात घट्ट बंद डब्यात बाटली. सावलीत, वाऱ्याला ठेवा आणि वाळू सुकू देऊ नका. वापरात काढलेली बाटली ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालते. नेमके दिवस खोक्यातल्या पत्रकात पाहा. न उघडलेला साठा घरी करू नका, लागेल तशी एकेक बाटली आणा. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसलं तर टोचू नका.