पगाराचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

एका वाचकांचं पत्र आलंय, नाव देत नाही. वय 37, आयटीत आहेत, पुण्यात वाकडला भाड्याने राहतात, वर्षाचा पगार 18 लाख. नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीची 13 लाखांची ऑफर हातात आहे. त्रिमूर्ती नगरला वडिलांनी बांधलेलं घर आहे, तिथे आई एकट्याच असतात, वय 67, शुगर आणि बीपी दोन्ही. मुलगी 6 वर्षांची. पत्नी, म्हणजे आपल्या वहिनी, वाकडलाच एका शाळेत शिकवतात, त्यांना 24 हजार मिळतात. प्रश्न एवढाच की 5 लाख कमी घेऊन नागपूरला येणं परवडेल का.

परवडेल. हिशोब दोन मिनिटांचा आहे, करून टाकू.

नव्या टॅक्स रिजीममध्ये 18 लाखांवर साधारण दीड लाख टॅक्स जातो आणि 13 लाखांवर जेमतेम 26 हजार, कारण 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर तुम्ही 12 लाखांच्या थोडेसेच वर राहता आणि तिथे मार्जिनल रिलीफ मिळतो (12 लाखांच्या वर जेवढी रक्कम असते, सेस सोडून त्याहून जास्त टॅक्स लागत नाही). म्हणजे कागदावर 5 लाख गेले तरी हातातले पावणेचारच जातात, महिन्याला 31 हजार. त्यात वहिनींचे 24 हजार मिळवा, ते तुम्ही पत्रात धरलेच नाहीत, जणू त्या हौस म्हणून शाळेत जातात. झाले 55. वाचतं काय, तर भाडं 30, मुलीचं डेकेअर 7, आईंना पाठवता ते 8 आणि दर दीड-दोन महिन्यांनी नागपूरच्या चकरा होतात त्याचे 5. झाले 50. आईंचा खर्च काही शून्यावर येणार नाही आणि मे महिन्यात दोन कूलर, एक एसीचं बिल आलं की माझी आठवण काढाल, पण वहिनींना इथे 15 हजारांची शाळा मिळाली तरी तोंडमिळवणी होते. सध्या महिन्याला 35-40 हजार उरतात म्हणता, ते जवळपास तसेच उरतील.

फक्त "दोन वर्षांत परत 18 वर येईन" हे डोक्यातून काढा. त्यासाठी सलग दोन वर्षं 18 टक्के वाढ लागते. 8 टक्के धरा, म्हणजे चार-साडेचार वर्षं, आणि तीही दरवर्षी न चुकता मिळाली तर.

आता जे तुम्ही विचारलंच नाही त्याकडे येतो. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, "पगार कमी होणार म्हणून बँकेतल्या आरएमच्या (रिलेशनशिप मॅनेजरच्या) सल्ल्याने एक गॅरंटीड इन्कम प्लॅन घेऊन ठेवलाय, वर्षाला 3 लाख, पॉलिसी 4 तारखेला मेलवर आली, टर्म (निव्वळ आयुष्याचा विमा) वगैरे वेगळं काही नाही."

अरे बाप्पा. अहो, पगार कमी होणार म्हणून वर्षाला 3 लाखांचा हप्ता? म्हणजे महिन्याला 25 हजार, नव्या कंपनीने जेवढी कात्री लावली जवळपास तेवढीच तुम्ही स्वतःला लावून घेतली, तीही 12 वर्षांसाठी!

इलस्ट्रेशनच्या (किती भरायचं, किती मिळणार ते दाखवणाऱ्या) पानाचा फोटो पाठवला ते बरं केलं. त्यावर त्या आरएमने निळ्या पेनाने "36 चे 72, टॅक्स फ्री" लिहून गोल केलाय. 12 वर्षं 3-3 लाख भरायचे, एक वर्ष थांबायचं, मग 12 वर्षं 6-6 लाख घ्यायचे. आता नीट बघा, पहिला हप्ता आज भरला तो 13 वर्षांनी दुप्पट होऊन येतो, दुसरा त्याच्या पुढच्या वर्षी, तोही 13 वर्षांनी दुप्पट, असे सगळेच. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की साधारण व्याजदर कळतो, तेव्हा 72 ला 13 ने भागा. साडेपाच टक्के. टॅक्स फ्री हे खरं आहे, पण मुलगी 6 वर्षांची आहे, सुकन्या समृद्धीत सध्या 8.2 टक्के आणि पीपीएफमध्ये 7.1 टक्के मिळतात, तेही टॅक्स फ्रीच, आणि दोन्हींची वर्षाची मर्यादा दीड-दीड लाख, बेरीज बरोबर तुमचे 3 लाख. ती बेरीज आरएमला येत नसेल असं नाही, पण त्यात त्याला कमिशन नाही ना. आणि महागाई 6 टक्के धरली तर 13 वर्षांनंतरचे 6 लाख म्हणजे आजचे पावणेतीन-तीन. जेवढे भरले तेवढेच परत आले, झालं.

त्यातलं विम्याचं कव्हर किती, तर 30 लाख. तुमच्या घरखर्चाची साधारण तीन वर्षं. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन तुमच्या वयात, सिगरेट ओढत नसाल तर, वर्षाला 20 हजारांच्या आसपास पडतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही.

पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवस फ्री लुक असतो, आवडली नाही तर परत करता येते, आणि मेलवर आली तरी तारीख तीच धरतात. तुमच्याकडे आज 10-12 दिवस उरलेत. म्हणून उत्तर छापायची वाट न बघता तुम्हाला आधीच फोन केला होता. परत करायचा अर्ज आरएमला देऊ नका, तो "सर, मी बघतो" म्हणेल आणि बघता बघता मुदत जाईल. अर्ज थेट विमा कंपनीला मेल करा, शिवाय शाखेत जाऊन शिक्क्याची पोच घ्या. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी परत मिळतं. टाळाटाळ केली तर कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. आणि टर्म प्लॅन हातात यायला वेळ लागेल, म्हणून त्याचा अर्ज आजच टाका, पण त्यासाठी फ्री लुक वाया घालवू नका.

दुसरी गोष्ट आईंची. सध्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये त्या आहेत, नव्या कंपनीत फक्त बायको आणि मूल. तुमचा सध्याच्या कंपनीतला शेवटचा दिवस संपला की शुगर-बीपी असलेल्या 67 वर्षांच्या बाईंना काहीच कव्हर नाही, आणि यासाठीच तर तुम्ही नागपूरला येताय! राजीनामा देण्याआधी एचआरला आणि त्या विमा कंपनीला लेखी विचारा की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, कारण तसं झालं तर जुन्या आजारांच्या वेटिंग पिरियडमध्ये (या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) ग्रुपमधली वर्षं मोजून मिळतात. नवीनच घ्यावी लागली तर तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. 5 लाखांच्या कव्हरला वर्षाचे 40 हजार धरून चाला. 70 पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येईल, त्यात 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि उत्पन्नाची अट नाही. पण मधली तीन वर्षं तुम्हालाच सांभाळायची आहेत, त्यासाठी तुमच्या 9 लाखांच्या एफडीतले 4 लाख वेगळे ठेवा आणि त्याला हात लावू नका.

साळा म्हणतोय की पीएफमधले 8 लाख काढून उमरेड रोडला प्लॉट घ्या, समृद्धी महामार्गामुळे भाव डबल होतील. समृद्धी सुरू होतो शिवमडक्याला, हिंगण्याच्या अंगाला, आणि प्लॉट आहे शहराच्या दुसऱ्या टोकाला. प्लॉट मंजूर असल्याचं आरएल लेटर आहे का, महारेराचा नंबर आहे का, हे विचारलं तर "येणार आहे" म्हणाले असं तुम्हीच लिहिलंय. मग आल्यावर बोलू. पीएफ काढू नका, नव्या कंपनीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या आणि ट्रान्सफर करा, 2024-25 ला 8.25 टक्के व्याज मिळालंय.

ऑफरच्या 13 लाखांत व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) किती आणि कंपनीचा पीएफ त्यातच धरलाय का, हे पत्रात नाही. वरचा सगळा हिशोब 13 लाख पक्के धरून केलाय. दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर जात असेल तर सही करायच्या आधी लेटरचं ते पान पाठवा.