वाचकांचे प्रश्न : नवा पीसी आणि रोज नवी ब्लू स्क्रीन

घरी जुळवलेल्या पीसीबद्दल बरीच पत्रं आली आहेत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांचा संशय रॅमवर आहे. काहींचा खरा आहे.

प्रश्न : रायझेन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड आणि डीडीआर५-६००० सीएल३० रॅमची १६-१६ जीबीची जोडी असा पीसी स्वतः असेंबल केला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारा पर्याय) चालू केल्यापासून ब्लू स्क्रीन येते आणि दर वेळी संदेश वेगळा असतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडतात, मोठी झिप फाइल उघडताना मध्येच एरर येते. विंडोजच्या मेमरी डायग्नॉस्टिकमध्ये काही सापडलं नाही. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड बदला. काय करू? (कोथरूड, पुणे)

दर वेळी वेगळा संदेश येतो, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती. एखादा ड्रायव्हर बिघडला असता तर बहुधा तोच संदेश आणि त्याच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं असतं. इथे विंडोज, ब्राउझर आणि झिप उघडणारा प्रोग्राम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी तिन्ही कोलमडतात. रॅममध्ये लिहिलेलं आणि तिथून परत वाचलेलं जुळत नसलं की असं होतं. पण त्यावरून स्टिकच, म्हणजे रॅमची पट्टीच, खराब आहे असं ठरत नाही आणि मदरबोर्ड बदलायला तर मुळीच धावू नका.

खोक्यावरचा ६००० हा वेगाचा आकडा म्हणजे रॅम बनवणाऱ्याने आपल्या चिप्सबद्दल दिलेला शब्द. रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर मात्र प्रोसेसरच्या आत असतो आणि ७६०० साठी तो बनवणारी एएमडी दोन स्टिकवर ५२०० पर्यंतचीच हमी देते. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे हमीपलीकडच्या वेगावर चालवणं. एक्स्पोचा एकच पर्याय निवडून झालं तरी ते ओव्हरक्लॉकिंगच. बहुतेक ७६०० सहा हजार आरामात पेलतात, म्हणूनच सगळे तो वेग सुचवतात. तुमचा नग कदाचित त्या बहुतेकांतला नसेल.

आता क्रमाने. आधी महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या पीसीवरून किंवा फोनवरून सुरक्षित करा. या पीसीवरून कॉपी केलेली फाइल वाटेतच बिघडू शकते. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो बंद करा. रॅम ४८०० वर आणि १.१ व्होल्टवर येईल. हा तिचा मूळ, प्रमाणित वेग. या स्थितीत पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. दोन्ही वेगवेगळ्या मंडळींचे आहेत आणि दोन्ही चालतील. पहिल्याची फुकट आवृत्ती एका वेळी चार फेऱ्यांपर्यंतच जाते, तेवढ्या पुरेत. ३२ जीबीला बरेच तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. पेनड्राइव्हवरून सुरूच होत नसेल तर बायोसमधला सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून पीसी सुरू होऊ न देणारा पर्याय) तात्पुरता बंद करावा लागेल.

विंडोजच्या डायग्नॉस्टिकवर भिस्त ठेवू नका. त्याची नेहमीची चाचणी वरवरची असते. त्याने दोष दाखवला तर तो खरा धरावा, ‘काही नाही’ म्हटलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मेमटेस्टमध्ये मात्र एक जरी एरर आली तरी नापास. ‘इतक्या तासांत दोनच आल्या’ हे समाधान चालत नाही.

४८०० लाही एरर आल्या तर पीसी बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि दोन्ही स्टिक काढा. एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डावर त्याला बहुधा ए२ असं नाव असतं. बऱ्याच बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. दुसरं टोक नीट बसलंय असं वाटतं आणि ते किंचित वर राहतं, म्हणून दोन्ही टोकं स्वतंत्र दाबून पाहा. चाचणी झाली की त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक. एरर एकाच स्टिकबरोबर येत असेल तर ती स्टिक गेली. ए२ मध्ये दोन्ही पास झाल्या, पण चौथ्या, म्हणजे बी२ स्लॉटमध्ये दोन्ही नापास झाल्या, तर दोष स्टिकमध्ये नाही, त्या चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसर ते स्लॉट या वाटेत आहे. अशा वेळी कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेलेत का ते आधी बघा. सैल करून आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा. तरीही फरक पडला नाही तर प्रोसेसर उचलून सॉकेट तपासायचा. एएम५ मध्ये (तुमच्या ७६०० च्या सॉकेटचा हा प्रकार) पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की वाकलेली पिन रांगेतून वेगळी चमकते.

तुमच्या वर्णनावरून मात्र ४८०० वर सगळं स्वच्छ निघेल असं वाटतं, कारण त्रास एक्स्पोनंतर सुरू झाला. तसं निघालं तर आधी बायोस अद्ययावत करा. एएम५ वर मेमरीच्या सुसंगतीत सगळ्यात मोठा फरक बायोसमधल्या अजेसा नावाच्या भागाने पडतो आणि दुकानात महिनोन्‌महिने पडून असलेल्या बोर्डावर तो जुना असतो. एक सूचना, जी नेहमी उशिरा आठवते: विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते आणि बायोस बदलल्यावर ती ‘रिकव्हरी की’ (कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक) मागते. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट बंद करतानाही हेच.

बायोस बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहतो. बोर्ड रॅमबरोबर वेळा जुळवत असतो, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. बोर्डावरचा डीरॅमचा छोटा दिवा तेवढा वेळ पेटलेला दिसेल. घाबरून स्विच बंद करू नका. बऱ्याच जणांची फेरी इथेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मग एक्स्पो चालू करून पुन्हा मेमटेस्ट. आता एरर आल्या तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हा पर्याय बंद करून बघा. तो चालू असला की बोर्ड दर वेळी ट्रेनिंग न करता जुनीच मापं वापरतो. बंद केल्यावर पीसी सुरू व्हायला जास्त वेळ लागेल. तरीही एरर राहिल्या तर एक्स्पो तसाच ठेवून फक्त वेग ५६०० करा. ६००० आणि ५६०० मधला फरक गेममध्ये हाताला जाणवत नाही, ब्लू स्क्रीन मात्र जाणवते. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या ज्या भागात मेमरी कंट्रोलर असतो त्याचं) वाढवायचे सल्ले वाचायला मिळतील. १.३ व्होल्टच्या वर जाऊ नका. २०२३ मध्ये काही रायझेन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने तीच मर्यादा घालून दिली. काहीही बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

सगळं पास झाल्यावर एक काम उरतं. बिघडलेल्या रॅममधून डिस्कवर लिहिलं गेलेलं आपोआप सुधारत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ आणि मग ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ या आज्ञा चालवा (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत). त्या काळात उतरवलेले गेम पुन्हा पडताळून घ्या. विंडोजच एक्स्पो चालू असताना टाकलं असेल तर सरळ नव्याने टाका, वेळ वाचतो.

प्रश्न : रायझेनच्याच एएम५ पीसीत डीडीआर५-६००० ची १६-१६ ची जोडी व्यवस्थित चालत होती. व्हिडिओ एडिटिंगसाठी त्याच मॉडेलची आणखी एक जोडी घेतली. चारही स्टिक लावल्यावर पडदा काळाच राहतो. एक्स्पो बंद केला तर चालतो, पण ३६०० वर. (नाशिक)

३६०० हाच त्याचा अधिकृत वेग आहे. रायझेन ७००० आणि ९००० दोन्ही मालिकांसाठी एएमडी चार स्टिकवर ३६०० इतकीच हमी देते. दोन स्टिकना हाच आकडा अनुक्रमे ५२०० आणि ५६०० आहे. प्रत्येक चॅनेलवर दोन स्टिक आल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि सिग्नल मळकट होतो. मॉडेल क्रमांक सारखा असल्याने काही साधत नाही, कारण त्याच क्रमांकाखाली आतल्या चिप्स पुढच्या खेपेत वेगळ्या असू शकतात. एक्स्पोची मापं कंपनीने एका जोडीवर तपासलेली असतात, दोन जोड्यांच्या मेळावर नाही.

आमचा स्पष्ट सल्ला असा की दुसरी जोडी परत करा किंवा विका आणि ३२-३२ ची एकच जोडी घ्या. दोन स्टिकमध्ये ६४ जीबी आणि ६००० दोन्ही मिळतं. चारच ठेवायच्या असतील तर एक्स्पो बंद ठेवून वेग हाताने आधी ४४००, मग ४८०० असा चढवा आणि प्रत्येक पायरीला रात्रभर मेमटेस्ट लावा. चार स्टिकचं ट्रेनिंग आणखी लांबतं, तेव्हा काळा पडदा दिसताच निष्कर्ष काढू नका. १५ मिनिटं थांबूनही काही आलं नाही तर प्लग काढून सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणा. त्यासाठी बोर्डावर दोन पिनांचा जंपर असतो. तो सापडला नाही तर सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा.

प्रश्न : मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही एरर नाही. पण दुपारी गेम खेळताना तासाभरात पीसी पडतो. उन्हाळा सुरू झाल्यापासूनच हे होतंय. (चंद्रपूर)

रात्री मेमटेस्ट चालताना ग्राफिक्स कार्ड निवांत असतं आणि खोलीही त्या मानाने गार. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी गेम खेळताना दोन्ही गोष्टी उलट होतात आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा नेमकी रॅमच्या दिशेने वर चढते. डीडीआर५ स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून गेम खेळा आणि रॅमचा आकडा बघा. जास्त वेगावर चालवलेली रॅम ५५ अंशांच्या पुढे गेली की काठावर बसवलेली मापं चुकायला लागतात. एक्स्पो बंद करून त्याच दुपारी तोच गेम खेळा. पडला नाही, तर उष्णता आणि वेग मिळून हे करतायत. पुढून हवा आत घेणारा एक पंखा वाढवा, कॅबिनेटची काच काही दिवस काढून बघा, जमलं नाही तर वेग एक पायरी खाली आणा.

पण ‘पडतो’ म्हणजे नक्की काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ब्लू स्क्रीन न येता पीसी क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर रॅम सोडा आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद त्याचा पुरावा नव्हे. ती फक्त सांगते की पीसी नीट बंद झाला नव्हता.

प्रश्न : सेकंडहँड १३व्या पिढीचा कोअर आय९ घालून पीसी बांधला. गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असं येतं, पण ग्राफिक्स कार्डात १२ जीबी मेमरी आहे. रॅम दोनदा बदलून पाहिली. (ठाणे)

रॅम बदलणं थांबवा. कोअरच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कायमचे खचले. इंटेलने २०२४ मध्ये कारण जाहीर केलं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बायोसमधून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त्या दिल्या. अनरिअल इंजिनवरचे गेम सुरुवातीला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) उलगडतात, त्या कामात खचलेला प्रोसेसर चुकतो आणि गेम त्याचा दोष व्हिडिओ मेमरीवर टाकतो. बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) दोन-तीनने कमी करून बघा. संदेश गेला तर रॅम सुटली, प्रोसेसर सापडला. नवा बायोस टाकाच, पण त्याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. इंटेलने अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. विकणाऱ्याकडून मूळ बिल मिळवा आणि अनुक्रमांक तपासा.

प्रश्न : ३२ जीबी लावली, विंडोज १६ दाखवतं. (कोल्हापूर)

बायोसमध्ये किती दिसते ते बघा. तिथेही १६ च असेल तर एक स्टिक नीट बसलेली नाही किंवा वरच्या पहिल्या उत्तरातला पिनेचा प्रकार आहे. बायोसमध्ये ३२ आणि विंडोजमध्ये १६ असेल, तर एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण काढा. ३२ पैकी अर्धा ते दोन जीबी कमी दिसत असेल तर ती प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने घेतली आहे, तो दोष नाही.

प्रश्न : डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका ओळखून सुधारणारी सोय) आधीच असते म्हणतात. मग एरर येतातच कशा? (पणजी)

ती ईसीसी प्रत्येक चिपच्या आत असते आणि चिपमध्ये साठवलेल्या बिटा सुधारण्यापुरतीच. चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाताना बिघडलेलं तिला दिसत नाही, आणि वरच्या बहुतेक तक्रारी त्याच वाटेवरच्या आहेत. त्या वाटेसाठी वेगळी ईसीसी रॅम लागते. प्रोसेसर आणि बोर्ड दोघांचा तिला पाठिंबा आहे ना, हे खरेदीआधी तपासा.

प्रश्न : स्टिक खराब असल्याचं मेमटेस्टमध्ये दिसलं. दुकानदार ‘आमच्याकडे चालते’ म्हणतो. (लॅमिंग्टन रोडवरून खरेदी, राहणार डोंबिवली)

त्याने ती बहुधा मूळ वेगावर पाच मिनिटं चालवली असेल. एक्स्पो किंवा एक्सएमपी (इंटेलचा तसाच पर्याय) बंद ठेवून, ती एकच स्टिक लावून चाचणी करा आणि एररची संख्या व वेग दिसेल असा पडद्याचा फोटो काढा. मूळ वेगावर आलेली एरर कुणी नाकारू शकत नाही. दुकानात दाद लागली नाही तर स्टिकवरचा अनुक्रमांक, बिल आणि हे फोटो घेऊन थेट कंपनीच्या सेवा केंद्राकडे जा. जोडी म्हणून घेतली असेल तर सहसा दोन्ही स्टिक मागतात, तेव्हा दोन्ही न्या. वरचा हीटसिंक उचकटू नका. तो निघाला की वॉरंटी गेली.