मेणबत्तीचं पॅराफिन बाटिकला आणि चित्राला चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मेणबत्तीत वातीभोवती खड्डा का पडतो, आणि मेणबत्त्यांसाठी आणलेल्या पॅराफिनच्या लाद्या बाटिक (मेणाने नक्षी झाकून कापड रंगवणं) व मेणाच्या चित्रांना वापरता येतील का.

खड्ड्याचं आधी. पॅराफिन गोठताना चांगलंच आकसतं. साच्याला टेकलेलं मेण आधी घट्ट होतं, मधलं सगळ्यात शेवटी, आणि आकसताना ते खाली बसतं. थोडं मेण मागे ठेवा. वर साय धरली की वातीजवळ सुईने दोन-तीन भोकं पाडा, खड्डा दिसू लागला की राखलेलं मेण पुन्हा तापवून ओता. पहिल्या पातळीच्या वर मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर ते कडेने झिरपतं आणि मेणबत्ती साच्यातून सुटत नाही. शेकडा दहाच्या आसपास स्टिअरिक अ‍ॅसिड घातलंत तर ती कडक, पांढरीशुभ्र होते आणि साच्यातून सहज निघते. रबरी साचा असेल तर ते टाळा, त्याने रबर खराब होतं.

बाटिकला तुमचं पॅराफिन चालेल, पण एकटं नको. ते ठिसूळ असल्यामुळे कापड हलवलं की तडकतं आणि रंग भेगांत शिरतो. ती जाळी हवी असेल तर पॅराफिन जास्त ठेवा. बारीक, स्वच्छ रेघा हव्या असतील तर मधमाश्यांचं मेण वाढवा, ते लवचीक असतं. रंग थंड पाण्यातलेच घ्या, गरम पाण्यात मेण सुटून सगळी नक्षी जाईल.

चित्रासाठी मात्र पॅराफिन अजिबात घेऊ नका, मधमाश्यांचं मेणच घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. इजिप्तमध्ये फय्यूमला ममींवर बसवलेली व्यक्तिचित्रं पाहा. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली ती चित्रं, त्यातली कितीतरी मधमाश्यांच्या मेणात रंग कालवून लाकडी फळीवर काढलेली, आणि चेहरे अजून ताजे वाटतात. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सने 1954-55 मध्ये अमेरिकेचा झेंडा रंगवला तोही मेणातच. आज या मेणात थोडी राळ मिसळतात, म्हणजे थर कडक होतो. पाया लाकडाचाच हवा. ताणलेला कॅनव्हास लवतो आणि थर तडकतो. अ‍ॅक्रिलिकचा अस्तर-रंगही नको, त्यावर मेण नीट धरत नाही. प्रत्येक नवा थर गरम हवेने खालच्यात वितळवून घ्या, नाहीतर पापुद्रे सुटतील.

छत्तीसगडमधल्या बस्तरचे घडवा कारागीर ढोकऱ्याच्या, म्हणजे मेण वितळवून त्या जागी धातू ओतून केलेल्या, मूर्तीसाठी मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळतात, तेव्हा मधमाश्यांच्या मेणाच्या याच लवचीकपणाचा फायदा घेतात. हाताच्या उबेने तार वळते. मग मातीचा लेप, भट्टी, मेण वाहून जातं आणि त्याच्या जागी पितळ येतं. नुसत्या पॅराफिनची तार वळवताना तुटेल.

विकत घेताना मधमाश्यांच्या मेणाचा तुकडा बोटांत मळून पाहा. अस्सल मेण उबेने मऊ होतं आणि त्याला मधाचा वास येतो. पॅराफिनची भेसळ फार चालते.

वितळवायचं ते गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवूनच, कधीही थेट गॅसवर नाही. पाण्यासारखं उकळून मेण इशारा देत नाही, तापतच जातं आणि शेवटी त्याची वाफ पेटते. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी ओतू नका.

साच्याचा व्यास कळवा, वात किती जाड घ्यायची ते त्यावरून सांगता येईल.