ग्रुप शांत झाला की अ‍ॅडमिनलाच चुकल्याचुकल्यासारखं का वाटतं?

"पोस्ट उडवली तर मी हुकूमशहा, ठेवली तर तमाशा. झोप मात्र दोन्हीकडून माझीच जाते." सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा, ट्रेकिंगचा असा कसलाही ऑनलाइन ग्रुप चालवणाऱ्यांकडून ही तक्रार मी नेहमी ऐकते. वसुधाताईंचीही तीच होती. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

वसुधाताई पन्नाशीच्या. लॉकडाउनमध्ये मैत्रिणींबरोबर त्यांनी मराठी पदार्थांचा ग्रुप सुरू केला आणि बघता बघता सदस्य हजारांत गेले. माझ्याकडे आल्या त्या छातीत धडधडतं म्हणून. ईसीजी वगैरे सगळं नीट होतं, म्हणून डॉक्टरांनीच इकडे, समुपदेशनाला पाठवलं होतं. धडधड व्हायची नोटिफिकेशन वाजलं की. मग रात्री दोन वाजता उठून कोण कोणाला काय बोललं ते बघायचं. नवरा कूस बदलत म्हणायचा, "भरलं का तुमचं कोर्ट?"

शेवटचं मोठं भांडण मला दाखवा, म्हटलं. एकीनं आमटीचा फोटो टाकला होता. दोघी-तिघींनी 'छान' म्हटलं आणि लगेच खाली आलं, "आमटीत गूळ घालणाऱ्यांनी आम्हाला स्वयंपाक शिकवू नये." तिथून गोडा मसाला की काळा मसाला, मग कोणत्या घरात कोणता, आणि मग थेट जात. एरवी जातीचा उल्लेख करायला कचरणारी माणसं मसाल्याच्या आडून ती बिनदिक्कत काढतात. चारशेच्या वर कमेंट. त्याच संध्याकाळी कोणा मुलीनं काकुळतीनं विचारलं होतं, "अनारसे तुपात हसताहेत, विरघळून जाताहेत, काय करू?" तिला उत्तरं दोन, त्यातलं एक नुसती हसरी इमोजी.

वसुधाताई वैतागून सांगत होत्या, पण चारशे म्हणताना त्यांचा आवाज जरा चढला. मी विचारलं, "त्या दिवशी थोडं बरंही वाटलं होतं का?" बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ग्रुप वर आला होता ना! भांडण झालं की आठवडाभर नवीन लोक येत राहतात."

गाठ इथे होती. ज्या आकड्यानं त्यांची झोप उडवली होती, तोच आकडा त्यांच्या कष्टांची पावतीही होता. भांडण मिटवण्यात त्यांचा जीव जात होता आणि भांडण नसलं की ग्रुप मेला असं वाटत होतं. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला कौतुक म्हणून हाती तेवढा एक आकडाच येत असेल, तर ती त्याच्याकडेच बघणार.

"पण लोक असे का वागतात? आमची माणसंच वाईट का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. सगळा दोष माणसांचा नाही. काय वर दाखवायचं हे यंत्रणा ठरवते. फेसबुकचंच घ्या. २०१७ पासून तिथे रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. पुढे ते कमी करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा हे लोकांना कळलं. त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सव्वा कोटीहून अधिक ट्वीट तपासून दाखवलं, की संतापाच्या पोस्टला लाइक मिळाले की तोच माणूस पुढेही जास्त संतापून लिहितो. आमटीवर बोलणाऱ्या बाईला त्या एका वाक्यावर ढीगभर बदाम मिळाले होते. पुढच्या वेळी ती 'छान' कशाला लिहील?

एक भीती त्यांनी शेवटी, उठता उठता सांगितली. एका सदस्यानं "पोलिसात जाईन, अ‍ॅडमिनला आत टाकीन" अशी धमकी दिली होती. मी त्यांना २०२१ चा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल सांगितला. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दलचा आहे. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला फौजदारीत गुन्हेगार धरता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. तरी नोटीस वगैरे आलीच तर वकील गाठा, असंही सांगितलं. पण त्यांच्या धडधडीतला एक वाटा तिथेच उतरला.

मग कामाच्या गोष्टी. रात्री दहानंतर पोस्ट मंजूर करायच्या नाहीत आणि पेटलेल्या पोस्टच्या कमेंट सकाळपर्यंत बंद. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशाशी नाही. जात, धर्म, माहेर-सासर काढलं की कमेंट जाणार, कोणाचीही असो. हे एकदा लिहून वर पिन करायचं आणि इनबॉक्समध्ये खुलासे देत बसायचं नाही. वाद पदार्थावर असेल तर हात लावायचा नाही, अगदी कडाक्याचा असला तरी. गुळावरून भांडू द्यावं की! आणि रोज ज्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही असा एक शोधून स्वतः उत्तर द्यायचं. अनारशाच्या पिठात गूळ जास्त झाला असेल, थोडी तांदळाची पिठी मळून बघ, हे त्यांनी माझ्यासमोर बसूनच त्या मुलीला लिहिलं.

कमेंट निम्म्यावर आल्या. पहिले पंधरा दिवस वसुधाताईंना सुतक असल्यासारखं झालं, तसं त्यांनीच सांगितलं. दोन सहअ‍ॅडमिन "आता मजा नाही" म्हणून बाहेर पडल्या, त्यातल्या एकीनं वेगळा ग्रुप काढला आणि तिथे रोज जुंपते. वसुधाताई अधूनमधून तिथे डोकावतात. मी ते बंद करायला सांगितलेलं नाही. झोप लागतेय, धडधड आठवड्यातून एखादी.

सध्या आमचं बोलणं वेगळ्याच गोष्टीवर अडलंय. आमटीतल्या गुळावर बोलणारी ती बाई त्यांची सख्खी जाऊ आहे. पिन केलेला नियम तिनं आतापर्यंत दोनदा मोडलाय, तिसऱ्यांदा मोडला की बाहेर काढायचं असं ठरलंय, आणि पुढच्या महिन्यात घरात मुंज आहे. काढायच्या आधी फोन करायचा, एवढं वसुधाताईंनी कबूल केलंय. काय बोलायचं त्याची तालीम पुढच्या बैठकीत.