आखाजीच्या आधी एक वही कर

पोरी,

धुळ्यात आग्रा रोडला साडीच्या दुकानात काउंटरवर लागलीस, असं ताईने फोनवर सांगितलं. अक्षय तृतीयेची आखाजी आणि लगनसराई तोंडावर आली, म्हणून लगेच लिहितोय.

एक वही कर. रोज किती वाजता आलीस, जेवायला कधी सुटलीस, शटर कधी पडलं, एवढंच लिही. शेठवर संशय म्हणून नव्हे. जळगावला एका कापड दुकानात मी अख्खी आखाजी रात्री अकरापर्यंत गाठोडी सोडण्यात काढली आणि पगाराच्या दिवशी कोऱ्या व्हाउचरवर सही करून दिली. जादा कामाचे पैसे मागायला गेलो, तर दाखवायला हातात काही नव्हतं. तो राग अजून गेला नाही. तू आकडा लिहिल्याशिवाय सही करू नकोस, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव.

मग दुकानातली माणसं मोज. राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हा त्यातले बहुतेक नियम 10 किंवा जास्त कामगार असलेल्यांना होते. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 वर न्यायचं आणि रोजचे 9 तास 10 करायचं ठरवलं. तेव्हा तुमच्या दुकानाला आज काय लागू आहे, ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचार. मोजताना गोदामातली पोरं विसरू नकोस. एजन्सीकडून आलेला पॅकिंगवालाही धर, तोही कायद्याने कामगारच. शेठ लोक नेमके हेच सोडून मोजतात.

कायदा लागू असेल तर जादा तासांना दुप्पट दर आणि आठवड्याला सलग 24 तास सुट्टी. दुकान 365 दिवस उघडं ठेवता येतं हे खरं, पण तुझी सुट्टी द्यावीच लागते. बाईमाणसाला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय कामाला थांबवता येत नाही. किमान वेतनाला मात्र माणसांची मोजणी लागत नाही, दोघंच कामाला असली तरी ते द्यायचंच. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत.

लगेच भांडायला जाऊ नकोस, आधी महिनाभर वही भरू दे. फक्त गावाची शेवटची एसटी किती वाजता असते, ते उद्याच शेठच्या कानावर घाल.

तुझा,
मामा