साड्यांचे ९०० फोटो एकेक करून लहान करत बसू नका, एक ओळ पुरते

तुम्ही लिहिलंय की दुकानातल्या साड्यांचे ९०० फोटो आहेत, एकेक ८ एमबीचा, वेबसाइटवर चढत नाहीत आणि रोज रात्री पेंटमध्ये उघडून तुम्ही एकेक लहान करताय. हे आजच थांबवा. इमेजमॅजिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, १९८७ पासूनचं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. या कामासाठी त्यात खिडकी, बटणं असं काही नाही, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची आणि अख्खं फोल्डर एका दमात होतं.

पण कमांडच्या आधी एक सांगते, कारण मला ते महागात पडलंय. आजोबांकडची मोडी कागदपत्रं होती, कोकणातल्या घरी जाऊन मी २ दिवस बसून त्यांचे फोटो काढले आणि घरातल्या सगळ्यांना पाठवता यावेत म्हणून मॉग्रिफाय ही कमांड चालवून ८०० पिक्सेलचे केले. मॉग्रिफाय आपणहून नवी फाइल करत नाही, मूळ फोटोवरच लिहिते, हे मला माहीतच नव्हतं. कार्ड आधीच पुसलं होतं. ८०० पिक्सेलमध्ये मोडी अक्षर लागत नाही हो, नुसत्या रेघा दिसतात. परत गेले तेव्हा पावसाळा होऊन गेलेला आणि २ कागदांचा लगदा झाला होता. तेव्हापासून मूळ फोटोंची कॉपी दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय मी एकही कमांड चालवत नाही, तुम्हीही चालवू नका.

आता कमांड. मी उच्चार लिहितेय, तुम्ही सगळं इंग्रजीत टाइप करा, आकडेसुद्धा. फोटोंच्या फोल्डरमध्ये आधी 'छोटे' असं एक रिकामं फोल्डर करा, नाव इंग्रजीत आणि मधे स्पेस नको. मग: मॅजिक (स्पेलिंगच्या शेवटी सी-के) मॉग्रिफाय, डॅश पाथ छोटे, डॅश ऑटो डॅश ओरिएंट, डॅश थंबनेल १६०० एक्स १६०० आणि त्याला चिकटून 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, डॅश क्वालिटी ८२, शेवटी स्टार डॉट जेपीजी.

डॅश पाथमुळे नवे फोटो 'छोटे'मध्ये जातात आणि मूळ जागेवर राहतात, म्हणजे माझं जे झालं ते तुमचं होणार नाही. ऑटो ओरिएंट नसेल तर फोनवर उभे धरून काढलेले फोटो आडवे पडू शकतात. १६०० एक्स १६०० म्हणजे फोटो चौकोनी होत नाही, तेवढ्या चौकटीत मावेल इतका होतो, ६००० बाय ४००० चा असेल तर १६०० बाय १०६७ येईल, काठ-पदर कुठे कापला जात नाही. 'पेक्षा मोठे'चं चिन्ह असतं म्हणून आधीच लहान असलेला फोटो उगाच ताणला जात नाही, पण हा १६०० वाला अख्खा भाग डबल कोटमध्येच घाला, नाहीतर ते चिन्ह कमांड विंडो स्वतःसाठी घेते आणि कमांड बिघडते.

साड्यांसाठी आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी 'डॅश स्ट्रिप घाला, फाइल हलकी होते' असं सांगतात. ती फोटोतली कलर प्रोफाइलपण (रंग नेमके कसे दाखवायचे याची फाइलमधली माहिती) काढून टाकते, मग आयफोनवर काढलेला गडद लाल दुसऱ्या स्क्रीनवर फिका दिसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं रंग वेगळाच आला. थंबनेल कलर प्रोफाइल ठेवतं आणि बाकीची माहिती काढतं, त्यात फोटो कुठे काढला ते लोकेशनही जातं, घरी फोटो काढत असाल तर हे बरंच आहे.

नेटवरच्या जुन्या उत्तरांत मॅजिकऐवजी कन्व्हर्ट लिहिलेलं असतं. विंडोजवर ते वापरू नका, विंडोजची स्वतःची त्याच नावाची कमांड आहे, ती डिस्कचा फॉरमॅट बदलायची आहे, फोटोंशी तिचा काही संबंध नाही.

रोजचंच काम असेल तर हीच ओळ नोटपॅडमध्ये टाकून डॉट बॅट नावाने त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा, पुढच्या वेळी नुसतं डबल क्लिक. लिनक्सवर मात्र जेपीजी लहान अक्षरात आणि मोठ्या अक्षरात वेगळं धरतात, कॅमेऱ्याचे फोटो बहुतेक मोठ्या अक्षरात असतात, ते सुटतात. मॅकवाल्यांकडे फोटो लहान करायला सिप्स नावाची कमांड आधीपासूनच असते, पण डॅश डॅश आउट दिलं नाही तर तीही मूळ फाइलवरच लिहिते.

आधी ५ फोटोंची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन चालवून बघा, अडलं तर आलेली एरर जशीच्या तशी इथे टाका, मी बघते.