विश्वास कमी पडला तर येशू बरं करत नाही का?

नाही, शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) असा नियम नाही. १२ वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला येशू ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं’ म्हणतो, हे खरं. पण लोकांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडलं, तिथे शुभवर्तमानकार मार्क लिहितो ‘त्यांचा विश्वास पाहून’, म्हणजे आणणाऱ्यांचाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात ३८ वर्षं आजारी असलेल्याला तर बरं करणारा कोण हेच ठाऊक नसतं! ‘माझा अविश्वास घालवा’ म्हणणाऱ्या बापाचाही मुलगा बरा होतो.

वांद्र्याच्या मोतमाउलीला (माउंट मेरी चर्चमधल्या मरियामातेला) माझ्या आईने भावाचा पाय बरा व्हावा म्हणून मेणाचा पाय वाहिला, हातात घट्ट धरून, उन्हाने मऊ होईल म्हणून पदराखाली. पाय बरा झाला नाही. ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ असं कुणीतरी तिला ऐकवलं. कृपा करून आजारी माणसाच्या घरी हे बोलू नका.